एक दारूखाना, अनेक नळ्या

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत यायची, आणि भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावरून खाली उतरायची. माकडं हाकलायची असतील तर नुसता बार, रानडुक्कर असेल तर गोळी. शेजारच्या काकांचीही बंदूक होती, जरा लांब आणि जाड नळीची. पण दारूचा डबा दोघांत एकच. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की दोन वेगळ्या बंदुकांना एकच दारू कशी चालते. ते म्हणाले, "दारू ती दारूच. भरणाराला समजाया हवं." तेवढ्यावर विषय संपला.

पंचवीस वर्षांनी तो पुन्हा निघाला, आणि तोही माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात. माझा विषय सावित्री खोऱ्यातल्या किल्ल्यांचा रसदपुरवठा: रायगड, प्रतापगड, मंगळगड, चंद्रगड वगैरे. धान्य, मीठ, शिसं, लोखंड यांवर बरं लिहून झालं होतं. दारूगोळ्याच्या भागात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. त्याचा आशय असा: मराठी किल्ल्यांवर तोफ, बंदूक आणि बाण या सगळ्यांसाठी एकाच प्रकारची दारू वापरली जाई, आणि त्यावरून तंत्रज्ञान मागास होतं हे स्पष्ट होतं. मॅडमनी (माझ्या गाईड) त्या एका वाक्यापाशी समासात पेन्सिलीने दोनदा लिहिलं होतं, "कशावरून?" एकदा पहिल्या अर्ध्या वाक्यासमोर, एकदा दुसऱ्या. आजचा लेख त्या दोन "कशावरून" बद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं, कारण अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो.

आधी तांत्रिक भाग, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. ती पेटते पृष्ठभागावरून आत. चुलीत ओंडका घातला तर तो रात्रभर जळतो, त्याच ओंडक्याच्या काटक्या केल्या तर दहा मिनिटांत राख. लाकूड तेच, पण हवेला आणि आगीला मिळालेलं अंग वेगळं. दारूचंही तसंच. बारीक दाणा भसकन जळतो, जाड दाणा सावकाश. बंदुकीची गोळी हलकी, नळी अरुंद; तिथे पटकन जळणारी दारू लागते, नाहीतर गोळी नळीबाहेर पडली तरी मागे जळणं चालूच. तोफेचा गोळा जड, तो जागचा हलायला वेळ घेतो. त्याच्यामागे बारीक दारू एकदम पेटली तर गोळा सरकण्याआधीच दाब वाढतो आणि तोफच फुटते. बाणाची गोष्ट आणखी निराळी. बाण म्हणजे इथे अग्निबाण. त्याच्या नळीतली दारू सावकाश जळली तरच तो उडतो, एकदम पेटली तर हातातच फुटतो. आणि तोफेच्या कानात घालायची ती रंजक. ती ठिणगी लागताच पेटायला हवी, म्हणून सगळ्यात बारीक.

म्हणजे चार कामं, चार वेग. युरोपात दाण्यांचे आकार चाळणीने वेगळे करून तोफेची दारू आणि बंदुकीची दारू निरनिराळी ठेवायची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉडमन नावाच्या अधिकाऱ्याने मोठ्या तोफांसाठी मोठमोठे आणि आरपार भोकं असलेले दाणे करून दाखवले. भोकांमुळे आतून जळणारं अंग वाढत जातं, आणि दाब एकदम न चढता टिकून राहतो. हे वाचल्यावर मला वाटलं, झालं, माझं वाक्य बरोबरच आहे. एक दारू म्हणजे अज्ञान.

आता साधनं बघू. किल्ल्यावरच्या दारूविषयी सगळ्यात तपशीलवार मराठी मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, १७१५-१६ च्या सुमाराचा. तो मी एम.ए.ला वाचला होता, नोट्सही काढल्या होत्या. मॅडमच्या शेऱ्यानंतर पुन्हा उघडला, आणि या वेळी प्रत्येक नाम आणि प्रत्येक क्रियापद वेगळ्या कागदावर लिहून काढलं. (ही सवय लावून घ्या. कंटाळवाणी आहे, पण डोळे उघडते.) अमात्य काय सांगतात? दारूखाना राहत्या घरांजवळ नको, सदरेपासून अंतरावर हवा. भोवती कुंपण. खाली बळकट तळघर, त्याला चुन्याचा गच्च. तळघरात माच, म्हणजे लाकडी फळ्यांची उंच बैठक, आणि तिच्यावर दारूची मडकी. बाण आणि होके, म्हणजे हाताने फेकायचे गोळे, मधल्या घरात. सर्दी लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, पुन्हा मोहोर करून ठेवायचा. रात्रंदिवस पहारा. परवानगीशिवाय आसपास कोणी फिरकायचं नाही.

यात माझ्या वाक्याला आधार कुठे आहे? "दारू" हा शब्द एकवचनात आला आहे, एवढंच. तेवढ्यावरून मी "एकाच प्रकारची" असं धरलं होतं. "धान्य कोठारात ठेवावं" असं कोणी लिहिलं म्हणून कोठारात एकच धान्य होतं असं आपण म्हणत नाही. मग दारूच्या बाबतीत का म्हटलं? कारण मला ते आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं. देशी दारू निकृष्ट असते हा शेरा कंपनीच्या काळातल्या गोऱ्या लेखकांकडे इतक्या वेळा भेटतो की तो पुरावा नसून मत आहे हे विसरायला होतं.

जाता जाता एक गंमत. अभिलेखागारांच्या सूचीत "दारू" शोधलंत तर निम्म्या नोंदी भट्ट्यांच्या आणि मद्यबंदीच्या निघतील. शब्द फार्सी आहे, मूळ अर्थ औषध. आपल्या "दवादारू"त तो अजून जिवंत आहे. चिनी भाषेतही या चूर्णाला "आगीचं औषध" अशा अर्थाचं नाव आहे. मुंबईत रे रोडजवळ जहाजं फोडतात त्या भागाला आजही दारूखाना म्हणतात, आणि माझगावात गनपावडर रोड आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या एका मित्राला नावाचा अर्थ सांगितला तेव्हा त्याचा चक्क विरस झाला.

मुद्द्यावर येतो. आज्ञापत्रातून दारूचे प्रकार कळत नसतील, तर काय कळतं? दुसऱ्यांदा वाचताना मला जे दिसलं ते असं: अमात्यांची सगळी काळजी पेटण्याची आणि भिजण्याची आहे. कुठल्या शस्त्राला कुठली दारू, हा प्रश्न दारूखान्याच्या पातळीवर येतच नाही. मात्र एक विभागणी स्पष्ट आहे. खुली दारू खाली, भरून तयार केलेले बाण-होके वर. म्हणजे कोठाराच्या दृष्टीने कच्चा माल वेगळा आणि तयार माल वेगळा. अठरा कारखान्यांची जी यादी आपण शाळेपासून ऐकतो, तिच्यातही तोफखाना आणि दारूखाना ही दोन स्वतंत्र नावं आहेत. दारू तोफखान्याच्या मालकीची नव्हे. ती स्वतंत्र कोठारातली वस्तू, तिथून तोफेलाही जाते, बंदुकीलाही जाते.

आणि इथे महाड-पोलादपूरचा पाऊस समजून घ्यावा लागतो. या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त. जुलै २०२१ मध्ये महाडचं काय झालं आणि तळियेला काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. अशा ठिकाणी चार महिने दारू कोरडी ठेवणं हेच मोठं काम. शुद्ध सोरा फारसा ओल धरत नाही. पण त्यात मीठ आणि इतर क्षार राहिले की तो हवेतलं पाणी ओढतो. म्हणून सोरा जितका साफ, तितकी दारू टिकाऊ. शिवाय तो कोकणात गोळा होण्यासारखा नाही. सोरा जुन्या वस्तीच्या कोरड्या मातीवर फुलून येतो, आणि आमच्याकडे पहिल्याच पावसात तो वाहून जाईल. तो घाटावरून यायचा. गंधक तर समुद्रमार्गे, परदेशातून. इथला म्हणावा असा फक्त कोळसा. तीनातल्या दोन जिनसा बाहेरून आणून, घाट चढवून-उतरवून, रायगडाच्या माथ्यावर न्यायच्या आणि तिथे दर पंधरवड्याला ऊन द्यायचं. आज्ञापत्रातच पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांचे काने मेणाने बुजवावेत असंही सांगितलं आहे. हे लिहिणाऱ्याला कोकणचा पाऊस ठाऊक होता.

आता हवालदाराच्या जागी उभं राहून बघा. चार प्रकारची दारू ठेवायची म्हणजे मडक्यांचे चार गट, चार हिशेब, चार मोहोरा, आणि वेढा पडला की नेमकी हवी ती संपलेली. बंदुकीची दारू शिल्लक आहे, पण बुरुजावरच्या तोफेला चालत नाही, अशी वेळ आली तर किल्ला पडला. त्यापेक्षा एक मधलीच दारू ठेवावी, जी कुठल्याच नळीला अगदी जुळणार नाही पण सगळ्यांना चालेल, आणि फरक भरणाऱ्याच्या हातात सोडावा: तोफेला माप वेगळं, बंदुकीला वेगळं, रंजकेसाठी तीच दारू आणखी बारीक करून. असं झालंच असं मी म्हणत नाही. पण "एक दारू" हा निर्णय कोठाराच्या बाजूने पाहिला तर शहाणपणाचा ठरू शकतो, हे माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हतंच. मी फक्त नळीच्या बाजूने पाहत होतो.

आजोबा गेल्यावर बंदूक आणि परवाना रीतसर जमा केला. पण त्यांच्या पेटीत बांबूची दोन छोटी मापं निघाली. एकाला खालच्या बाजूला चाकूने खाच पाडलेली. काकांच्या मुलाने ती बघताच सांगितलं, खाचेचं आमच्या बंदुकीचं. डबा एक आणि मापं दोन. मी त्या दिवसापासून कागदपत्रांतही दारूपेक्षा मापं जास्त शोधतो.

दारूतले फरक इथल्या लोकांना माहीतच नव्हते का? या दुसऱ्या "कशावरून"चं उत्तर मला पुण्यात मिळालं, प. कृ. गोडे यांच्या लेखांत. गोडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते, १९६१ मध्ये वारले. जिरेटोपापासून जिलेबीपर्यंत कशाचाही इतिहास लिहायला त्यांना कमीपणा वाटत नसे, आणि प्रत्येक विधानामागे एखादं हस्तलिखित असे. भारतातल्या आतषबाजीचा १४०० ते १९०० पर्यंतचा इतिहास त्यांनी लिहिला आहे. त्यात ओडिशाच्या प्रतापरुद्र गजपतीच्या (राज्यकाळ १४९७ पासून) नावावर असलेल्या कौतुकचिंतामणी या ग्रंथातली आतषबाजीची कृत्यं येतात. प्रत्येक प्रकाराला सोरा, गंधक, कोळसा यांचं प्रमाण निराळं. शुक्रनीतीतही अग्निचूर्णाचं एक प्रमाण देऊन पुढे नळीच्या शस्त्रासाठी सोऱ्याचं प्रमाण बदलून सांगितलं आहे. (शुक्रनीती वापरताना जपून. ओपर्टने एकोणिसाव्या शतकात ती अतिप्राचीन मानून त्यावर मोठी इमारत उभी केली. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः लल्लनजी गोपाल यांनी, ती फार अलीकडची ठरवली. मी तिचा वापर "असं ज्ञान संस्कृतातही नोंदलं गेलं" एवढ्यापुरताच करतो, "केव्हा" यासाठी नाही.) म्हणजे काम बदललं की दारू बदलावी, ही समज होती. दारूकाम करणाऱ्याला ती पोटासाठी लागतच होती. कोठाराने ती नोंदली नाही, एवढाच फरक.

तरीही "मागास" हा शब्द मला सोडवेना. मग मॅडमनी एक उदाहरण वाचायला सांगितलं, आणि ते किल्ल्यांपासून इतकं लांबचं होतं की आधी कळेचना संबंध काय. व्हिएतनाम युद्धातली एम-१६ रायफल.

१९६० च्या दशकात अमेरिकी सैन्याकडे दोन काडतुसं होती. जुनं ७.६२ मिलिमीटरचं, नवं ५.५६ मिलिमीटरचं. नवं काडतूस आणि त्याची रायफल आयएमआर ४४७५ नावाच्या दारूवर बेतलेली होती. पण गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा आणि दाब ठरलेल्या मर्यादेत हवा, हे दोन्ही त्या दारूने मोठ्या उत्पादनात जमेना. मग १९६४ मध्ये डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू मंजूर झाली. ती ७.६२ साठी आधीपासून वापरात होती. एक दारू, दोन काडतुसं. कोठाराच्या बाजूने पाहिलं तर किती सोयीचं!

नळीच्या बाजूने काय झालं? ही दारू नव्या रायफलीत वेगळ्या लयीने जळायची. जी बंदूक मिनिटाला ७०० ते ८०० गोळ्यांच्या वेगावर बेतली होती ती हजाराकडे जाऊ लागली, आणि सुटे भाग त्या घाईला पुरेनात. वर या दारूत आम्ल मारण्यासाठी घातलेलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडीच, रायफलीच्या बारीक वायुनलिकेत साचायचं. भर लढाईत रिकामं काडतूस आत अडकून बसायचं. सैनिक मेले, आणि काहींच्या शेजारी उघडून ठेवलेली रायफल सापडली. दारू हे एकच कारण नव्हतं. गोळी बसते त्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने या सगळ्यावर कडक ठपका ठेवला. पुढे चुनखडीचं प्रमाण कमी केलं, आणि ५.५६ साठीच्या दारूला डब्ल्यूसी ८४४ असं वेगळं नाव मिळालं.

इथे मी थांबलो. जगातल्या सगळ्यात सधन सैन्याने, प्रयोगशाळा आणि दाबमापकं हाताशी असताना, १९६४ मध्ये जो निर्णय घेतला त्याला कोणी "तंत्रज्ञानाचं मागासलेपण" म्हणत नाही. त्याला पुरवठ्याचा निर्णय म्हणतात आणि तो चुकला म्हणतात. तोच निर्णय अठराव्या शतकातल्या गडावर घेतला गेला असं मी नुसतं गृहीत धरलं, आणि ताबडतोब माणसांच्या अकलेवर गेलो. शिवाय गडावरच्या माणसाकडे एक सवलत होती जी व्हिएतनाममधल्या शिपायाकडे नव्हती. काडतूस कारखान्यातून बंद होऊन येतं, त्यातली दारू शिपायाला कमी-जास्त करता येत नाही. ठासणीच्या बंदुकीत दर बाराला माप भरणाऱ्याच्या हातात असतं. आजोबांचं "भरणाराला समजाया हवं" मला तेव्हा कुठे समजलं.

उलटंही घडतं. ब्रिटिशांचं .३०३ काडतूस १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीबरोबर आलं तेव्हा त्यात दाबून बसवलेली काळी दारू होती. लगेचच त्याच काडतुसात कॉर्डाइट आलं, आणि त्याच्या उष्णतेने मेटफर्डच्या नळीतले उथळ आटे झिजायला लागले. १८९५ मध्ये नळी बदलावी लागली आणि ली-एनफिल्ड झाली. म्हणजे काडतूस एक आणि दारू दोन, तरी गाडं अडतंच.

आता रायगड. एप्रिल १८१८ च्या अखेरीस कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा घातला. आत दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होत्या. तोफा आणि उखळ्यांच्या माऱ्याने वाडे जळले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. भवानी टोकाच्या बाजूला दारूकोठाराचे पडके अवशेष दाखवतात, आणि उखळीचा गोळा तिथेच पडून कोठार उडालं असं वाटाडे सांगतात. मी ही गोष्ट पुरावा म्हणून वापरत नाही, पण दोन गोष्टींसाठी तिथे गेलो. एक, जागा. वस्तीपासून खरंच अंतरावर आहे. आज्ञापत्रातली सूचना आणि ही जागा यांचं जुळतं. दुसरं, तो उखळीचा गोळा. त्याला तीन वेगांची दारू लागते: उखळीतून उडवणारी, आतली फोडणारी, आणि दोन्हींमधला वेळ राखणारी वातीतली सावकाश जळणारी. तिन्हींचं गणित जमलं तरच गोळा योग्य जागी फुटतो. आक्रमण करणाऱ्याला ही चैन परवडत होती, कारण त्याचं कोठार मुंबईला होतं आणि सावित्रीची खाडी त्याच्या ताब्यात होती. वेढ्यात अडकलेल्याचं कोठार त्याच्या पायाखाली होतं, आणि जेवढं होतं तेवढंच.

प्रकरणातलं वाक्य आता असं झालं आहे: "आज्ञापत्रात दारूची साठवण एकत्र कल्पिली आहे, शस्त्रानुसार फरक कोठारात होत असे की भरताना, हे या मजकुरावरून ठरत नाही, मात्र वाहतूक, पाऊस आणि वेढ्याची शक्यता पाहता एकत्र साठवणीला व्यावहारिक कारणं होती." वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. "मागास" गेलं. पुढचं काम म्हणजे जमाखर्चाच्या मोडी कागदांत दारू कोणाला दिली, कुठल्या मापाने दिली आणि रंजक वेगळी मोजली का, एवढ्या तीनच रकान्यांचा तक्ता भरत जाणं.

मॅडमनी नवं वाक्य वाचलं. "व्यावहारिक कारणं" या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ आली आहे. समासात लिहिलं आहे, "कोणाच्या दृष्टीने? हवालदाराच्या की गोलंदाजाच्या?"